गराजमधला पाच डॉलरचा डबा

अमेरिकेत घर घेतलं की गराज आपोआप भरत जातं. आमच्या न्यू जर्सीच्या घरी गाडी बाहेर आणि भंगार आत, अशी व्यवस्था गेली कित्येक वर्षं आहे. आम्ही दोघं. आमच्यातल्या एकाचा जन्म टेलिफोनच्या धंद्यात गेला, दुसरीचा गाणं शिकवण्यात. तंबोरे दिवाणखान्यात राहतात, रेडिओचं सामान गराजमध्ये. त्या सामानात एक ॲल्युमिनियमचा डबा आहे, हॅम रेडिओवाल्यांच्या बाजारात पाच डॉलरला घेतलेला. त्याला म्हणतात डाउनकन्व्हर्टर. त्याने एकदा एक काम केलं ते सांगायचं आहे, पण आधी त्याची ओळख करून देतो.

१९९० च्या दशकात काही गावांत केबल टीव्ही तारेशिवाय यायचा. मनोऱ्यावरून २५०० ते २६८६ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडत, आणि घराच्या छपरावर छोटी जाळीदार अँटेना आणि तिच्या तोंडाशी हा डबा बसवत. इतक्या उंच लहरी लांब केबलमधून खाली आणायच्या तर वाटेतच विरतात. म्हणून डबा त्यांना छपरावरच खाली उतरवायचा, २२२ ते ४०८ मेगाहर्ट्झपर्यंत. पुढे तो धंदा बसला, तो पट्टा मोबाइल फोनकडे गेला आणि डबे भंगारात आले.

"उतरवायचा म्हणजे काय करायचा?" असं आमच्यातल्या गाणारीने विचारलं, तेव्हा उत्तर तिच्याच मांडीवर होतं. तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की आवाजात एक लाट येते. एक तार सेकंदाला २०० वेळा थरथरली आणि दुसरी २०३ वेळा, तर सेकंदाला तीन लाटा. जसजशा तारा जुळतात, तसतशी लाट संथ होते. डब्यातलं गणित तंतोतंत तेच नाही, पण जात तीच. डबा स्वतःची एक लहर घडवतो, २२७८ मेगाहर्ट्झची. बाहेरून आलेली लहर तिच्यात मिसळली की दोघींतला फरक हाती लागतो. २४३२ आली तर १५४. आमच्या जुन्या स्कॅनरला २४३२ ऐकू येत नाही, १५४ मात्र स्वच्छ येते. ही युक्ती एडविन आर्मस्ट्राँगने पहिल्या महायुद्धाच्या वेळी, १९१८ साली पॅरिसमध्ये काढली. त्याचा एफएमचा मनोरा आपल्या न्यू जर्सीत, अल्पाइनला, हडसनच्या कड्यावर अजून उभा आहे.

आता लपवलेल्या ट्रान्समीटरशी याचा संबंध काय? तारेशिवाय चालणारे स्वस्त ॲनालॉग कॅमेरे बहुधा चार ठरलेल्या जागांवर बोलत: २४१४, २४३२, २४५० आणि २४६८ मेगाहर्ट्झ. डब्याच्या आतली चाळणी २५०० च्या खालचं बरंचसं अडवते हे खरं. पण लपवलेला ट्रान्समीटर काही मैलांवर नसतो, हाताच्या अंतरावर असतो, त्यामुळे झिरपून येतं तेवढं पुरतं. अँटेना म्हणून आम्ही कॉफीचा रिकामा डबा लावला, आत जेमतेम तीन सेंटिमीटरची तांब्याची काडी. डब्याला डबा!

२०१५ च्या जानेवारीत मंडळाच्या संक्रांतीला एक मुलगी तिळगूळ घेता घेता हळूच म्हणाली, "काका, काकू, जरा बोलायचं होतं." सांगलीकडची, मास्टर्सला आलेली. एका मराठी कुटुंबाच्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन राहत होती.

"मी आईला फोनवर सांगितलं, माझ्या फीसाठी बाबांना शेत गहाण टाकू देऊ नकोस. दुसऱ्याच दिवशी घरमालकीणबाई म्हणाल्या, या महिन्याच्या भाड्याची घाई करू नकोस. काकू, मी त्यांना एक शब्दसुद्धा बोलले नव्हते."

असं तीनदा झालं होतं. खोलीत कुठेतरी माइक नाहीतर कॅमेरा आहे, अशी तिची खात्री झाली होती. पंधरा दिवस ती आईशी बोलत होती ती लायब्ररीच्या पार्किंगमध्ये उभी राहून, न्यू जर्सीच्या जानेवारीत. कपडे बदलायची ते बाथरूममध्ये, दिवा बंद करून. घर सोडावं तर डिपॉझिट अडकलेलं, आणि कुणाला सांगावं तर आपल्याच माणसांवर आळ.

खोली तिच्या भाड्याची, बोलावणं तिचं. रविवारी आम्ही गेलो. आधी नुसतं डोळ्यांनी पाहिलं: धुराचा अलार्म, घड्याळ, पलंगाकडे तोंड केलेला प्रत्येक प्लग. मग डबा चालू केला. या पट्ट्यात गर्दी फार. वायफाय तडतड करतं. मायक्रोवेव्ह ओव्हन घरघरतो, पण त्याची घरघर पट्टाभर पसरलेली असते आणि दार उघडलं की थांबते. तो बंद आहे याची मुलीने खाली जाऊन खात्री केली. तरीही १५४ वर एक घरघर राहिलीच, एका जागी ठाम. आमच्यातल्या गाणारीने कान दिला आणि म्हणाली, "हा सूर हलत नाहीये." ॲनालॉग व्हिडिओची चित्रं सेकंदाला साठ वेळा बदलतात, त्याचीच ती घरघर. मुलगी मटकन पलंगावर बसली.

कॉफीचा डबा चारी भिंतींकडे फिरवला. काटा फारसा हलला नाही. छताकडे केला तर खाली आला. जमिनीकडे केला आणि काटा टोकाला गेला. म्हणजे ट्रान्समीटर खोलीत नव्हता, खोलीच्या खाली होता. कशाचा आहे ते कळावं म्हणून आम्ही चार चॅनेलचा जुना रिसीव्हर छोट्या टीव्हीला जोडला.

पडद्यावर एक पलंग दिसला. त्यावर एक म्हाताऱ्या बाई झोपलेल्या होत्या आणि पायाशी सरकलेलं पांघरूण हाताने चाचपत होत्या.

आम्ही टीव्ही लगेच बंद केला. कुणीच काही बोललं नाही. चोर शोधायला आलो आणि दुसऱ्याच्या शेजघरात डोकावलो, असं झालं.

त्या घरमालकीणबाईंच्या सासूबाई. स्वयंपाक करताना त्यांच्यावर लक्ष राहावं म्हणून सूनबाईंनी बाळांसाठी मिळतो तो कॅमेरा लावला होता. त्याचं चित्र रस्त्यावर उभ्या गाडीतल्या कुणालाही दिसू शकतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आम्ही खाली जाऊन सगळं सांगितलं, मुलीची भीतीसुद्धा. बाई आधी चिडल्या. मग गप्प झाल्या. म्हणाल्या, "अहो, मी रोज त्यांना तिथेच स्पंज करते."

राहिला प्रश्न मुलीच्या गुपितांचा. ती रेडिओतून बाहेर पडलीच नव्हती. या देशातल्या घरांत गरम हवा पत्र्याच्या नळातून खोल्याखोल्यांत फिरते. आमच्यातल्या गाणारीने वर खिडकीखालच्या जाळीजवळ बसून हलकेच षड्ज लावला, तर तो खाली आजींच्या पलंगाशी लख्ख ऐकू आला. आजींना रात्री झोप नव्हती. वरच्या पोरीचं रडणं त्यांना ऐकू यायचं आणि सकाळी त्या सुनेला सांगायच्या, "पोर अडचणीत आहे गं, भाड्याचा तगादा लावू नकोस."

मुलगी खाली आली, आजींच्या पायाशी बसली आणि त्यांचं पांघरूण नीट केलं. त्या आठवड्यात घरात नवा डिजिटल कॅमेरा आला, ज्याचं चित्र संकेतात बांधून जातं. वरच्या नळात फोमचं अस्तर बसलं. मुलगी तिथेच राहिली. फोन मात्र आता मुद्दाम जाळीपासून लांब बसून करायची, आणि तो तिचा हक्कच आहे.

हे सगळं आज लिहायचं कारण, आपली मुलं दर ऑगस्टमध्ये नव्या खोल्यांत राहायला जातात. डब्याची मर्यादाही सांगायला हवी. मेमरी कार्डावर चित्र साठवणारा कॅमेरा काहीच प्रक्षेपित करत नाही, तो डब्याला कधीच सापडणार नाही. १९४५ साली सोव्हिएत मुलांनी मॉस्कोतले अमेरिकन राजदूत हॅरिमन यांना लाकडात कोरलेली राजमुद्रा भेट दिली. आत बॅटरी नव्हती, तार नव्हती. बाहेरून लहरींचा झोत मारला तरच ती बोलायची. १९५२ पर्यंत ती राजदूतांच्या निवासात भिंतीवर होती. तेव्हा काटा हलला नाही म्हणजे सगळं निर्धास्त, असं समजू नये.

आधी डोळे वापरावेत. खोली अंधारी करून टॉर्च फिरवावा. लेन्सवर बारीक चकाकी दिसते. वायफायवर कोणकोणती यंत्रं आहेत ती यादी बघावी. एअरबीएनबीने तर एप्रिल २०२४ अखेरपासून घरातले कॅमेरे सरसकट बंद केले आहेत. काही सापडलं तर हात न लावता फोटो काढावा आणि पोलिसांना बोलवावं. आणि डब्यातून दुसऱ्याचं काही कानावर पडलंच, तर ते तिसऱ्याला सांगू नये. १९३४ पासून इथल्या कायद्यातही तसंच आहे.

आणि तुमच्या लेकीला किंवा भाचीला नव्या खोलीत झोप लागत नसेल, तर "उगाच काहीतरी मनात आणू नकोस" म्हणून फोन ठेवू नका. आम्हाला कळवा. डबा, स्कॅनर आणि गाणारे कान घेऊन आम्ही येऊ. चहा मात्र तुमच्याकडे.