आजी, एक्क्याऐंशी दिवे आणि मुंग्या

मंडळी, आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाची टेप कॉम्प्युटरवर उतरवून नातेवाइकांना पाठवल्यापासून एकच प्रश्न येतोय. एवढ्या अंधाऱ्या माजघरात तिचा चेहरा इतका स्वच्छ कसा आला? कॅमेरा कुठला होता? कॅमेरा साधाच होता हो, घरगुती, मिनी-डीव्ही टेपवाला. आता मामेबहिणीला तिच्या वडिलांच्या कार्यासाठी माळ्यावरचा असाच कॅमेरा काढायचाय, म्हणून सविस्तर लिहितो.

गोष्ट २००७ सालची. काका व्हिडिओवाल्याला सांगणार होते. पण लग्नाच्या जुन्या कॅसेटी आठवा : हजार वॅटचा हॅलोजन तोंडावर, आणि सगळे डोळे मिचकावतायत. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. उजेडाची तिरीप आली तरी ती डोळ्यांना पदर लावायची. शिवाय तिचं चालतंबोलतं चित्रण आमच्याकडे एकही नव्हतं. तेव्हा मी म्हटलं, मीच करतो.

अशा कॅमेऱ्यातला सेन्सर मसुराच्या डाळीहूनही लहान असतो (माझा १/६ इंची होता). त्यावर उजेड पडणार तो किती? कुब्रिकने 'बॅरी लिंडन' (१९७५) मध्ये मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग टिपायला मूळ नासासाठी बनवलेली झाइसची एफ/०.७ लेन्स वापरली होती. आपली एफ/१.८, आणि तीसुद्धा झूम न करता! झूम केलं की लेन्समधून येणारा उजेड आणखी घटतो. म्हणून पहिला नियम : लांबून ओढू नका, सरळ जवळ जाऊन बसा. मी आजीच्या पाटासमोर चार फुटांवर मांडी घालून बसलो होतो. आत्या दोनदा अडखळली माझ्यावर, पण ते असो.

उजेड कमी पडला की कॅमेरा 'गेन' वाढवतो, म्हणजे मिळालेला सिग्नल नुसता फुगवतो. दर ६ डेसिबलला दुप्पट. त्याबरोबर मुंग्याही फुगतात. काही कॅमेरे गुपचूप शटरही मंद करतात, मग हात हलला की मागे शेपटी उमटते. मी शटर १/५० वर बांधून टाकलं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बल्ब-ट्यूबचं लुकलुकणंही त्यात दिसत नाही.

खरी मेहनत मात्र दिव्यांची. ट्यूब बंद केली, कारण ट्यूब आणि बल्ब एकत्र आले की अर्धा चेहरा हिरवट, अर्धा पिवळा. माजघरातले ४० वॅटचे बल्ब काढून १०० चे लावले. दोन टेबललॅम्प आजीकडे न वळवता चुन्याच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवले. भिंतीवरून परतलेला उजेड मऊ होतो, सावल्या काळ्याकुट्ट पडत नाहीत आणि डोळ्यांत काही जात नाही. दिवे शक्य तितके जवळ ठेवले. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट! व्हाइट बॅलन्स मामांच्या धुतलेल्या धोतरावर घेतला. मामा बराच वेळ अवघडून उभे होते.

पंचाईत होणार होती ती औक्षणाच्या वेळी. ८१ दिव्यांची परात समोर आली की कॅमेऱ्याला वाटतं, अरे वा, भरपूर उजेड! मग तो चित्र काळोखं करतो आणि चेहराच जातो. म्हणून आधीच आजीच्या गालावर एक्स्पोजर घेऊन लॉक केलं. ज्योती पांढऱ्याफटक आल्या तर येऊ देत. फोकसही हाताने लावला, नाहीतर ऑटो फोकस अंधारात चाचपडत बसतो. (हल्लीच्या फोनमध्येही पडद्यावर चेहऱ्याशी बोट दाबून धरलं की बहुधा हेच लॉक मिळतं.)

टेपमध्ये थोड्या मुंग्या आहेतच. तिच्या मागचा कोनाडा पार काळा आलाय. पण आई, काकू, आत्या परात घेऊन वाकतात तेव्हा तो सोनेरी उजेड तिच्या चेहऱ्यावर चढत जातो, सुरकुत्या एकेक दिसतात, आणि ती डोळे अजिबात मिटत नाही. परात खाली जाते, चेहरा पुन्हा मंद होतो. लॉक तसंच असल्यामुळे तो मंद उजेडही खराच दिसतो. मग ती थेट माझ्याकडे बघून म्हणते, "अरे, तू जेवलास का?"

मामेबहिणीसाठी : बॅटरी आधी चार्ज करून बघ, जुन्या बॅटऱ्या दहा मिनिटांत मान टाकतात. आणि मामांना पांढरं धोतर नेसव, व्हाइट बॅलन्सची सोय होईल.