आधी पत्रं, मग शाळा

१८६३ सालच्या ऑगस्टमध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, डनेडिन शहरात, मुलग्यांचं हायस्कूल सुरू झालं. दोनच वर्षांपूर्वी गेब्रिएल रीड नावाच्या माणसाला ओटागो प्रांतातल्या एका घळीत सोनं सापडलं होतं. त्या बातमीसरशी बंदरात गलबतांची रीघ लागली, तंबूंच्या जागी दगडी इमारती उठल्या आणि स्कॉटलंडहून आलेल्या पापभीरू मंडळींनी वसवलेलं ते गाव बघता बघता श्रीमंत झालं. हाती पैसा आल्यावर या मंडळींनी शाळेचा विचार केला, ही त्यांची थोरवी खरीच. पण दूर दक्षिणेला, क्लुथा नदीच्या मुलखात, वडिलांचं घर सांभाळणाऱ्या, पस्तिशी ओलांडलेल्या एका बाईंनी ती बातमी ऐकली आणि त्यांच्या मनात एकच प्रश्न आला : मुलींचं काय?

त्यांचं नाव लर्मंथ डॅलरिम्पल. लहान वयात आई गेलेली, पाठची भावंडं वाढवलेली, आणि आपल्याला हवं तेवढं शिकता आलं नाही ही खंत उराशी बाळगलेली. अशी खंत बहुतेक बायका पिढ्यान्‌पिढ्या गिळत आल्या. या बाईंनी ती कागदावर उतरवली. प्रांताच्या विधिमंडळाचे सभापती मेजर जॉन रिचर्डसन यांना त्यांनी गाठलं. हे रिचर्डसन हिंदुस्थानात कंपनी सरकारच्या बंगाल फौजेत नोकरी करून आलेले. त्यांनी बाईंचं म्हणणं मनावर घेतलं. मग शहरातल्या बायकांची समिती झाली, सह्यांचे अर्ज झाले, आणि पत्रांना सुरुवात झाली. आमदारांना, पाद्र्यांना, वर्तमानपत्रांना पत्रं. इंग्लंडात मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या फ्रान्सिस बस आणि डोरोथिया बील यांनाही पत्रं. शाळा कशी चालवावी, मुलींना काय शिकवावं, हे विचारणारी ती पत्रं बोटीने अर्धी पृथ्वी ओलांडून जायची आणि उत्तर हाती पडेपर्यंत कित्येक महिने उलटलेले असायचे.

सात वर्षं हे चाललं. या सात वर्षांचा विचार मनातून जात नाही. सात वर्षांत पहिलीतली मुलगी प्राथमिक शाळा संपवून बाहेर पडते. म्हणजे बाईंनी ज्यांच्यासाठी पहिलं पत्र लिहिलं असेल, त्यातल्या कित्येक मुली शाळेची वाट बघता बघता मोठ्या होऊन संसाराला लागल्या असतील. हे कळत असूनही पुढचं पत्र लिहायला बसायचं, याला फार मोठा धीर लागतो. आपल्या प्रयत्नाचं फळ आपल्यासमोर उभ्या असलेल्या मुलीला मिळणार नाही, तिच्या धाकट्या बहिणीला मिळेल, कदाचित तिच्या लेकीला मिळेल, हे मान्य करून केलेलं काम ते.

६ फेब्रुवारी १८७१, सोमवार. तिकडे फेब्रुवारी म्हणजे उतरता उन्हाळा. त्या दिवशी अठ्ठ्याहत्तर मुली मुलग्यांच्या हायस्कूलच्याच इमारतीच्या एका भागात येऊन बसल्या आणि ‘ओटागो गर्ल्स हायस्कूल’ सुरू झालं. सरकारी खर्चाने चालणारं मुलींचं हायस्कूल म्हणून दक्षिण गोलार्धात त्याला पहिलेपणाचा मान देतात. मुख्याध्यापिका होत्या मार्गारेट गॉर्डन बर्न. मूळच्या एडिंबराच्या, ऑस्ट्रेलियात जिलाँगला शाळा चालवून आलेल्या, आणि घरच्या मिळकतीचा भार स्वतःच्या खांद्यावर असलेल्या. शाळेची घंटा वाजली तरी डॅलरिम्पलबाई थांबल्या नाहीत. डनेडिनमध्ये त्याच वर्षी ओटागो विद्यापीठ उघडलं होतं. बाईंनी तिथेही सह्या गोळा करून अर्ज धाडला, आणि ऑगस्ट १८७१ मध्ये विद्यापीठाने आपले वर्ग बायकांना मोकळे केले. हायस्कूलच्या दारातून आत आलेल्या मुलीला पुढचं दार बंद दिसू नये, एवढा लांबचा विचार त्यांनी केला होता.

हे वाचताना मराठी माणसाचं मन पुण्याकडे वळल्यावाचून राहत नाही. १८४८ साली स्कॉटिश वसाहतवाल्यांचं पहिलं जहाज ओटागोच्या किनाऱ्याला लागलं, आणि त्याच १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा उघडली. डनेडिन वसत होतं तेव्हा इथे एक तरुण बाई अंगावर शेणमाती झेलत शिकवायला निघाली होती. पुढे १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित यांच्या खटपटीने मुलींचं हायस्कूल निघालं, तीच आपली हुजूरपागा. त्यासाठीही आधी अर्जच करावा लागला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाई रानड्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचलं आणि घरी आल्यावर थोरल्या बायकांची बोलणी ऐकून घेतली. ज्यांच्या नावाने पुण्यात फर्ग्युसन कॉलेज उभं आहे, ते हेच गृहस्थ. मुंबईला येण्याआधी, १८७३ ते १८७४, ते न्यूझीलंडचे गव्हर्नर होते. डनेडिनची शाळा तेव्हा जेमतेम दोन-तीन वर्षांची. म्हणजे रमाबाई बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा समोरचा गव्हर्नर अशा देशात कारभार करून आला होता, जिथे मुलींचं सरकारी हायस्कूल भरत होतं. रमाबाईंना हे ठाऊक असेल-नसेल, पण दोन गोलार्धांतल्या बायका एकच मागणी घेऊन उभ्या होत्या, आणि ती ऐकणारा एक माणूस दोन्हीकडे होता, हे समजल्यावर मला फार आनंद झाला.

विरोधही दोन्हीकडे सारखाच. हुजूरपागेत मुलींना इंग्रजी कशाला, मुलग्यांचाच अभ्यासक्रम कशाला, अकरा ते पाच शाळेत बसवून घरकामाचं काय, असे आक्षेप टिळकांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने घेतले. डनेडिनमध्येही मुलींना पियानो, भरतकाम आणि चार शिष्टाचार आले की पुरे, असं मानणारे पुष्कळ होते. दोन्ही समाजांना मुलगी शिकलेली हवी होती, पण बेताने. त्या बेताची रेघ कुणी आखायची, हाच खरा वाद होता. डॅलरिम्पलबाईंचं म्हणणं स्वच्छ होतं : बुद्धीला वळण लावणारं, पक्कं शिक्षण मुलीला मिळालं पाहिजे, पुढे ती त्याचं काय करील ते ती ठरवील.

आणि मुलींनी ठरवलं. या शाळेच्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती क्रुकशँक बहिणींची हकीकत. मार्गारेट आणि क्रिस्टिना, १८७३ च्या जुळ्या. ओटागोतल्या पामर्स्टन नावाच्या लहानशा गावात वाढलेल्या. दहा वर्षांच्या असताना आई वारली आणि घरातली धाकटी भावंडं त्यांच्या गळ्यात पडली. दोघींनी आपसात तोड काढली. आज एकीने शाळेत जायचं, दुसरीने घर आणि पोरं बघायची, उद्या उलट. जी शाळेत जाऊन येई, ती संध्याकाळी घरी राहिलेलीला त्या दिवसाचा सगळा धडा शिकवी. तो प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. स्वयंपाक उरकलेला, पोरं झोपलेली, आणि दिव्याच्या उजेडात दहा-अकरा वर्षांची मुलगी आपल्याच वयाच्या बहिणीला अपूर्णांक समजावते आहे. जिला संध्याकाळी शिकवायचं आहे तिला वर्गात नीट ऐकावंच लागतं, कारण तिच्या कानांवर दोघींचा अभ्यास अवलंबून आहे. या दोघी पुढे ओटागो गर्ल्स हायस्कूलमध्ये आल्या आणि शेवटच्या वर्षी पहिला क्रमांक दोघींना मिळून दिला गेला. त्याहून न्याय्य निकाल कुठल्या परीक्षेचा लागला असेल असं मला वाटत नाही.

क्रिस्टिना शिक्षणाच्या वाटेने गेली आणि वांगानुईच्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली. मार्गारेट डॉक्टर झाली. न्यूझीलंडमध्ये वैद्यकीची पदवी घेणारी पहिली बाई एमिली सीडबर्ग, १८९६. तीही याच शाळेची. तिच्या मागोमाग १८९७ मध्ये मार्गारेट. वायमाटे गावात तिने एकवीस वर्षं रोग्यांची सेवा केली. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली, आपल्याकडेही त्या साथीने घरंच्या घरं ओस पाडली. मार्गारेटचा गाडीवान आजारी पडला तेव्हा ती सायकलवरून घरोघर जाऊ लागली. एखाद्या घरी आई तापाने अंथरुणाला खिळलेली दिसली की ती औषध देऊन निघून जात नसे. गाईची धार काढून पोरांच्या पोटात दूध घालून मग पुढच्या घरी जाई. आईविना घर कसं असतं हे तिला दहाव्या वर्षीच समजलं होतं. त्या साथीनेच २८ नोव्हेंबर १९१८ रोजी ती गेली. गावाने १९२३ साली तिचा संगमरवरी पुतळा उभारला. राणी व्हिक्टोरिया सोडल्यास बायकांचे पुतळे त्या देशात तेव्हा जवळपास नव्हतेच.

एथेल बेंजामिनही इथलीच. १८९३ मध्ये तिने कायद्याच्या अभ्यासाला नाव घातलं, तेव्हा बाईला वकिली करण्याची परवानगीच देशात नव्हती. ती शिकत राहिली. १८९६ मध्ये कायदा बदलला आणि मे १८९७ मध्ये ती न्यूझीलंडची पहिली स्त्री वकील झाली. १९ सप्टेंबर १८९३ रोजी न्यूझीलंडने बायकांना संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क दिला, स्वतःचा कारभार असलेल्या देशांत सर्वांत आधी. त्यामागेही सह्यांचा अर्ज होता, जवळपास बत्तीस हजार बायकांचा. अर्ज लिहावा, सह्या गोळा कराव्यात, नाकारला तर पुन्हा लिहावा, ही रीत त्या देशातल्या बायकांच्या हाडीमाशी मुरली होती.

पण इतिहास प्रेमाने सांगायचा तर पुराही सांगायला हवा. १८७१ च्या त्या शाळेला फी होती. सरकारी म्हटली तरी ती ज्यांना परवडेल त्यांचीच होती. १८७७ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, हायस्कूल मात्र दूरच राहिलं. १९०३ पासून परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांना मोफत जागा मिळू लागल्या. १९३६ मध्ये ती गाळणारी परीक्षाच रद्द झाली आणि हायस्कूलचं दार सगळ्यांना उघडलं. १९४४ मध्ये पंधरा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची झाली. पहिल्या मुलीपासून या दिवसापर्यंत सत्तरहून अधिक वर्षं गेली. त्या भूमीचे मूळ रहिवासी असलेल्या माओरींच्या मुलांसाठी तर १८६७ पासून सरकारने वेगळ्या शाळा काढल्या होत्या. तिथे इंग्रजी हेच ध्येय, मातृभाषेला जागा नाही, आणि मुलींना बहुतांशी घरकामाचे धडे. त्या वेगळ्या शाळांची व्यवस्था १९६९ पर्यंत टिकली. डनेडिनला माओरी लोक ओटेपोटी म्हणतात. ओटेपोटीच्या मूळच्या लेकींना त्या अठ्ठ्याहत्तर मुलींइतकीच मोकळी वाट तेव्हाच मिळायला हवी होती. योगायोग असा की शाळेचा जन्मदिवस, ६ फेब्रुवारी, हाच माओरी प्रमुख आणि ब्रिटिश राणीच्या प्रतिनिधींमध्ये झालेल्या १८४० च्या वायटांगी कराराचा दिवस. एका तारखेवर दोन वचनं लिहिलेली आहेत, आणि दोन्हींचं देणं अजून फिटलेलं नाही.

शाळा आजही टेनिसन स्ट्रीटच्या चढावर भरते. शहराच्या मधोमध असलेल्या ऑक्टॅगन चौकातून पायी गेलं की काही मिनिटांत तिथे पोचता येतं, फक्त दम लागतो. सकाळी मुली पाठीवर दप्तरं घेऊन तो चढ चढतात, कुणी गटाने हसत, कुणी कानात गाणं लावून एकटीच. याच शाळेतून गेलेल्या सिल्व्हिया कार्टराइट १९९३ मध्ये न्यूझीलंडच्या उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या आणि २००१ मध्ये गव्हर्नर जनरल. त्याआधी एका रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या आजारावर पुरेसे उपचार न देता बायकांना अंधारात ठेवलं गेल्याची चौकशी त्यांनी केली, आणि रोग्याला विचारल्याशिवाय त्याच्यावर प्रयोग करता येणार नाही, ही गोष्ट त्या देशात पक्की झाली.

मला तरी शाळेचं मोठेपण अशा नावांच्या पाटीवर मोजता येत नाही. शाळा चालते ती पाटीवर न आलेल्या हजारोंसाठी. कुणी दुकान चालवलं, कुणी शेत, कुणी मुलं वाढवली, कुणी गावातल्या ग्रंथालयात पुस्तकं लावली. त्यांना हिशेब समजला, कागद वाचता आला, नको तिथे सही करायची नाही हे कळलं. सार्वजनिक शाळेने एवढं केलं तरी तिचं ऋण फिटत नाही. खासगी शाळा आपली विद्यार्थिनी निवडते. सार्वजनिक शाळेला समाजातली प्रत्येक मुलगी आपली म्हणावी लागते, आणि जी अजून बाहेर आहे तिच्याबद्दल उत्तर द्यावं लागतं.

म्हणून डॅलरिम्पलबाईंचं काम १८७१ मध्ये संपलं असं मी मानत नाही, तसंच सावित्रीबाईंचं १८४८ मध्ये किंवा रमाबाईंचं १८८४ मध्ये. आपल्या गावात सातवी-आठवीनंतर पटावरून नाव गळणारी मुलगी आहे, ऊसतोडीला आईबरोबर जाणारी आहे, एसटी वेळेवर येत नाही म्हणून घरी बसलेली आहे. तिच्यासाठी आगारप्रमुखाला, गटशिक्षणाधिकाऱ्याला, ग्रामपंचायतीला कुणीतरी अर्ज लिहायला हवा, आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहायला हवा. शिकलेल्या प्रत्येक बाईवर आणि पुरुषावर हे एक पत्र देणं आहे. ते लिहायला कुठल्याही पदवीची गरज लागत नाही. आपल्यासाठी कुणीतरी ते कधीकाळी लिहिलं होतं, एवढी आठवण पुरते.