एकच पेपर, महिनाभर

पुणे

प्रिय मित्रा,



विभागात प्रोग्रामिंग लँग्वेजच्या संशोधनावर वाचनगट सुरू करायचा तुझा बेत वाचला आणि मनापासून आनंद झाला. आखणी मात्र पटली नाही. दर आठवड्याला एक नवा पेपर, एकाने पाऊण तास स्लाइड दाखवायच्या, मग दहा मिनिटे प्रश्न, असे बहुतेक ठिकाणी चालते म्हणून तूही तसेच योजले आहेस. माझे म्हणणे असे की सेमिस्टरभरात तीनच पेपर घ्यावेत. स्लाइड नकोत. प्रत्येक पेपर ओळीने वाचावा, त्यातले नियम फळ्यावर सोडवावेत आणि शेवटी ते यंत्रावर चालवून पाहावेत. असा हट्ट का धरतो आहे, ते नीट मांडतो.

संगणकशास्त्राच्या काही शाखांत पेपरचा निष्कर्ष एखाद्या आलेखातून बराचसा सांगता येतो. या शाखेत तसे होत नाही. इथला ऐवज असतो तो पान-दीड पानभर पसरलेल्या नियमांत: आडव्या रेघेच्या वर अटी, खाली निष्कर्ष. वरची एक अट गळली, की चार पानांनंतरचे प्रमेय कोसळते. आणि स्लाइडवर नेमके हेच पान ‘हे नेहमीचेच नियम’ म्हणून अर्ध्या मिनिटात पुढे सरकते. या घाईची किंमत किती असते, याचा चांगला पुरावा उपलब्ध आहे. ‘रन युअर रिसर्च’ नावाचा पेपर 2012च्या पॉपल परिषदेत आला. त्याच्या लेखकांनी आयसीएफपी या नावाजलेल्या परिषदेतले 2009 सालचे नऊ पेपर निवडले आणि त्यांतली गणिती प्रतिरूपे रीडेक्स या साधनात उतरवून चालवून पाहिली. नऊच्या नऊ पेपरांत चुका सापडल्या, काही किरकोळ, काही गंभीर. हे पेपर तज्ज्ञांनी तपासून स्वीकारलेले होते. लिहिणारे निष्काळजी होते असे मला मुळीच वाटत नाही. जिथे जे असायला हवे ते तिथे आहेच असे डोळा धरून चालतो, आणि जाणकाराचा डोळा तर जास्तच. यंत्र तसे काही गृहीत धरत नाही, आणि शंका विचारायला न लाजणारा नवखा विद्यार्थीही धरत नाही.

यापेक्षा मोठे उदाहरण जावाचे आहे. जेनेरिक्स आणि वाइल्डकार्ड जावात आले ते 2004 साली. 2016मध्ये नादा अमीन आणि रॉस टेट यांनी दाखवून दिले की कास्ट अजिबात न वापरलेला एक छोटा प्रोग्रॅम कंपायलरकडून बिनबोभाट पास होतो आणि चालवताना मात्र टाइपच्या चुकीने पडतो. स्कालातही तसेच. म्हणजे जगभर वापरात असलेल्या भाषेच्या टाइप सिस्टीमला बारा वर्षे भोक होते. कारण मोठे बोधप्रद आहे. एखाद्या टाइपच्या अटी पूर्ण होतात याचा पुरावा म्हणून त्या टाइपचे एक मूल्य हाती असणे पुरेसे मानले होते, पण ‘नल’ हे कुठल्याही रेफरन्स टाइपचे मूल्य म्हणून चालते, मग त्या अटी अशक्यच का असेनात. सिद्धतेसाठी भाषेचे छोटे रूप घेताना नल बाहेर ठेवण्याची रीत होती. त्या छोट्या रूपाची सिद्धता खरीच होती, खरी भाषा मात्र नलसकट चालत होती. तेव्हा पेपर हाती घेतल्यावर पहिला प्रश्न हवा: यात काय वगळले आहे? व्याकरणाची यादी समोर ठेवून एकेक ओळ खऱ्या भाषेशी ताडून पाहिल्याखेरीज याचे उत्तर मिळत नाही, आणि त्याला एक अख्खी बैठक लागते.

असे वाचणे पुण्याला नवे नाही. पाणिनी आणि प्रोग्रामिंग भाषांचे व्याकरण मांडण्याची रीत देणारा बॅकस यांची तुलना करून गटाचा नारळ फोडू नकोस एवढी मात्र विनंती. तो अभिमान फार स्वस्तात मिळतो आणि पुढे काही करू देत नाही. मला आठवतो तो वाचनाचा नमुना. गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठाने 1968 साली एस. डी. जोशी यांचे समर्थाह्निक प्रसिद्ध केले. पाणिनीचे दोन शब्दांचे एक सूत्र, 2.1.1, त्यावर पतंजलीच्या महाभाष्यातले एक आह्निक (एका दिवसाचा पाठ), आणि त्याचे भाषांतर व विवरण एवढ्यासाठी एक स्वतंत्र ग्रंथ. भाष्याची घडणच अशी की शंका निघते, उत्तर येते, त्या उत्तरावर पुन्हा शंका. तुझ्या गटाला चर्चेची दुसरी पद्धत शोधावी लागणार नाही. संगणकाच्या बाजूनेही शेजार चांगला आहे. झुरिकमध्ये पास्कल-पी कंपायलरच्या टिपणांवर काम केलेले केशव नोरी पुढे इथे टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्रात होते. ती टिपणे वाचून ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या यंत्रांवर पास्कल उतरवली, म्हणजे तिथे वाचणे आणि करून पाहणे ही दोन कामे नव्हतीच. आणि 1991मध्ये शिक्षणात ‘सी’ भाषा का नको यावर सविस्तर लेख लिहिणारे आर. पी. मोदी तर पुणे विद्यापीठाचेच. मार्क जोन्सच्या गोफर या फंक्शनल भाषेत शिकवण्याच्या सोयीचे फेरफार करून त्यांनी प्युगोफर तयार केले. भाषेविषयी मत बाळगायचे तर तिला हात घालायचा, हा त्यातला बाणा मला फार मोलाचा वाटतो.

आता तुझे आक्षेप. पहिला येईल तो व्याप्तीचा: दरवर्षी शेकडो पेपर निघतात, तीन वाचून शाखेची ओळख कशी होणार? ओळख व्हायला पेपरांचे सारांश आणि परिषदांतल्या व्याख्यानांची चित्रणे आहेत. ती घरी पाहता येतात, त्यासाठी दहा माणसे एका खोलीत बसवायची गरज नाही. एकट्याने होत नाही ते अवघड पान उलगडणे, आणि खोली हवी ती त्यासाठी. दुसरा आक्षेप प्लेसमेंटचा. मुले विचारणारच की याचा उपयोग काय. उत्तर टाळू नकोस आणि फुगवूही नकोस. पुण्यातच टीसीएसच्या संशोधकांनी घडवलेले व्हेरिअॅब्ज हे साधन 2020च्या आंतरराष्ट्रीय सॉफ्टवेअर-पडताळणी स्पर्धेत आपल्या गटात पहिले आले, म्हणजे हे काम इथे होते. अशा जागा थोड्या आहेत हेही त्यांना सांग. पण राहून गेलेली शक्यता हुडकण्याची सवय साध्या बँकिंग सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यालाही लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: आपल्या एमएस्सी, एमसीएच्या मुलांचा तर्कशास्त्राचा पाया कच्चा आहे, त्यांना हे झेपेल का? मला वाटते, याच कारणासाठी वेग कमी हवा. झपाट्याने चालणाऱ्या गटात विषय आधीच येत असलेली दोघे-तिघे बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. एक नियम तासभर चालला तर तालुक्याच्या कॉलेजातून आलेली मुलगीही ‘ही अट इथे कशाला?’ असे विचारू शकते, तेही मराठीत. चर्चा मराठीत होऊ दे. पेपर इंग्रजीत आहे म्हणून शंकाही इंग्रजीतच आली पाहिजे असे कुठे आहे? गट मात्र रोडावेल, हे मी मान्य करतो. सहा-सात जण उरले तरी चालवत राहा. हजेरीसाठी पुन्हा स्लाइडकडे वळू नकोस.

तीन पेपर कोणते, तेही सुचवतो. सुरुवात रॉबिन मिल्नरच्या 1978च्या पेपरने कर, टाइप आपोआप शोधण्याचा मूळ नियम त्यात आहे. मग 1995चा अँड्र्यू राइटचा छोटा पेपर: बदलता येणारी मेमरी आली की तो मूळ नियम कसा बिघडतो, आणि एका साध्या निर्बंधाने तो कसा सावरतो. शेवटी अमीन आणि टेट. पहिल्या दोन पेपरांनंतर मुले तिसऱ्याकडे तयार नजरेने पाहतील. राइटच्या वेळी एक कर: तो निर्बंध काढून टाकलेला छोटा टाइप-तपासनीस मुलांकडून लिहून घे आणि त्यातून पास होऊनही चालवताना पडणारा प्रोग्रॅम त्यांना स्वतः शोधू दे. तो सापडेपर्यंत पेपरचे पुढचे पान उलटू नये.

तुझा स्नेही