चिमणरावांची बांधणी

निवृत्त मनुष्य घरी स्वस्थ बसतो, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असेल. माझाही होता. आता रोज सकाळी चहाच्या कपाबरोबर माझ्या हाती एक चिठ्ठी येते. परवाच्या चिठ्ठीत तीन कामे होती : पातळ पोहे, गव्हाचे दळण आणि भिंतीवरील घड्याळाचा सेल. चौथे मी माझ्या हाताने खाली लिहिले : चिमणरावांची बांधणी.

पोह्यांची कथा थोडक्यात सांगतो. आमच्या बाजारातील दुकानदार पोहे म्हणजे पोहे एवढेच जाणतो. जाड आणि पातळ हा भेद त्याला दक्षिणेकडील लोकांचा हट्ट वाटतो, आणि त्याची दक्षिण आग्र्याच्या पलीकडे सुरू होते. मी त्याला दोष देत नाही. जेथे गावाचे नावच १९७६ साली स्थापन झालेल्या औद्योगिक प्राधिकरणाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे जुळवून तयार झाले, तेथे पोह्यांची परंपरा कोठून असणार?

चिमणरावांचे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. चिं. वि. जोशी हे माझे आवडते लेखक. पाली भाषेचे हे पंडित आयुष्यातील बराच काळ बडोद्यास राहिले, आणि परमुलखात राहूनही पुणेरी मध्यमवर्गाची त्यांनी अशी थट्टा केली, की जिची केली तोच वर्ग तिच्यावर लुब्ध झाला. पण माझी आणि चिमणरावांची पहिली भेट पुस्तकात झाली नाही. ती दूरचित्रवाणीवर झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्याच दशकात पुढे दिलीप प्रभावळकर चिमणराव व बाळ कर्वे गुंड्याभाऊ होऊन घरोघरी आले. घरोघरी म्हणजे आमच्या चाळीत एकाच घरी. त्या दारापुढे चपलांचा ढीग पडे आणि मागे उभ्या राहिलेल्यांत माझे वडील असत. वडील मोठ्याने हसतात हे मला त्या काळ्यापांढऱ्या पडद्यापुढे प्रथम कळले. लवकरच त्यांनी ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ची एक जुनी प्रत घरी आणली. तीच ही. तिची पाने आता सुटली आहेत.

आपण म्हणाल, दूरचित्रवाणी आता हसवीत नाही काय? आमच्याकडे ती बहुधा भांडते. वृत्तवाहिन्यांची चित्रनगरी सेक्टर १६-अ मध्ये आहे. घरापासून रिक्षाने अर्धा तास. तेथील वादविवाद सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असलेल्या उपग्रहापर्यंत जातो आणि तितकेच अंतर खाली उतरून आमच्या गच्चीवरील तबकडीत पडतो. एवढा प्रवास करूनही त्याचा आवाज बसत नाही, याचे मला नवल वाटते.

असो. पुस्तके बांधणारा कोठे सापडेना. शेवटी छायाप्रती काढणाऱ्या दुकानात गेलो. “दो मिनट का काम है, बाबूजी,” असे म्हणून त्याने प्रत उचलली आणि तारेच्या वेटोळ्यासाठी भोके पाडणारे यंत्र पुढे ओढले. भोके पडली असती ती थेट ओळींच्या आरंभीच्या अक्षरांवर. मी प्रत जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि दळण घेऊन घरी आलो.

मग मैद्याची खळ शिजवली आणि जेवणाच्या टेबलावर पाने मांडली. तिसरीतील नात शेजारी येऊन उभी राहिली. शाळेतील हिंदीमुळे तिला देवनागरी येते. एक पान उचलून ती वाचू लागली आणि दुसऱ्याच ओळीत थांबली.

“आजोबा, हे अक्षर आमच्या वर्णमालेत नाही.”

तो ळ होता. मी तो म्हणून दाखवला. तिने जीभ वळवून पाहिली. प्रथम ल झाला, मग ड झाला. घरी ती ‘केळं’ म्हणते, ‘बाळ’ म्हणते. पण तो ध्वनी लिहिता येतो हे तिला आजवर कोणी दाखवले नव्हते. कोणी म्हणजे मीच. अट्टा बाजारापर्यंत पोह्यांसाठी दोन खेपा करणाऱ्या मला एवढे एक अक्षर घरातल्या घरात पोचविण्यास आठ वर्षे सवड झाली नव्हती.

ती पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. विनोद तिला कळला असे मी म्हणणार नाही. ‘उपरणे म्हणजे काय’ आणि ‘हे लोक इतके पाहुणे का बोलावतात’ असे दोन प्रश्न तेवढे तिने विचारले. पण पत्नीने आतून येऊन दूरचित्रवाणी बंद केली आणि ती खुर्ची ओढून बसली. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. सेल आणावयाचा राहून गेला होता, आणि भिंतीवरील घड्याळ सकाळपासून पावणेचारच दाखवीत होते.