आधी आवाज ऐका, मग पाना उचला

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण मुद्दा तोच, रोग कळायच्या आधी औषध मारू नये.

आपल्याकडे जुनी डिझेल पिकअप आहे, चार सिलेंडरची, साध्या डिझेल पंपाची. उन्हाळ कांदा निघाला की लासलगावच्या फेऱ्या तिच्यावरच. ऐन एप्रिलमध्ये इंजिनात खडखड सुरू झाली. रेस वाढवली की आवाजही वाढायचा. मेकॅनिक वस्तीवर आला, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "दादा, बेरिंग गेलं. इंजिन उतरवावं लागंल. ४५ हजार आणि आठ दिवस धरा." कांदा शेतात पडलेला, वर आभाळ भरून आलेलं, आणि घरात जे पैसे होते ते पोरीच्या कॉलेजच्या फीचे. म्हटलं, उद्या सांगतो.

पान पिवळं दिसलं म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही. खालची जुनी पानं पिवळी असली तर नत्राची शंका. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असल्या तर लोहाची. इंजिनाचंही तसंच. आवाज कुठून येतो, कधी येतो आणि काय केल्यावर बदलतो, हे तीन प्रश्न आधी.

पहिलं ऑइल बघितलं. पातळी बरोबर होती, ऑइलचा दिवाही लागत नव्हता. (तो दिवा चालू गाडीत लागला तर तिथंच इंजिन बंद करा.) मग लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. टोक इंजिनावर, मूठ कानाजवळच्या हाडाला. खाली चेंबरजवळ आवाज बारीक, पुढे पंख्याकडे मोठा. हे करताना गळ्यात टॉवेल ठेवू नका, पंखा जवळ असतो.

नंतर गाडी स्लोवर ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट फडकं धरून ढिला केला. त्या सिलेंडरचं डिझेल तुटतं. खराबी त्या सिलेंडरच्या इंजेक्टरची किंवा कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगची असेल तर आवाज कमी होतो. चारही बघितले, आवाज जसाच्या तसा. कॉमन रेल गाडीत हे अजिबात करू नका. तिथं दाब हजार बारच्या वर असतो, डिझेल कातडीत घुसतं.

शेवटी पट्टा काढला आणि इंजिन अर्धा मिनिट चालवलं. खडखड गायब! म्हणजे दुखणं पट्ट्यावर चालणाऱ्या वस्तूत. इंजिन बंद करून पंखा हातानं हलवला, तर वॉटर पंपाच्या बेरिंगमध्ये चांगला खेळ. पंपाखालच्या भोकाजवळ ओलही होती. पंप, पट्टा, कूलंट मिळून २,६०० रुपये आणि अर्धा दिवस. बसवायला त्याच मेकॅनिकला बोलावलं. माणूस वाईट नाही, दिवसाला दहा गाड्या बघतो, शांत बसून ऐकायला त्याला सवड नसते. आपल्याला असते.

थोडक्यात ध्यानात ठेवा:
- वरून हलकी टिकटिक: टॅपेटचा गॅप बघा.
- सकाळी चालू करताना चीं-चीं: पट्टा ढिला किंवा झिजलेला.
- थंड इंजिनात फट-फट, गरम झाल्यावर कमी: सायलेन्सरकडच्या मॅनिफोल्डचं पॅकिंग.
- खालून जड ठोका, लोडवर वाढतो: हे खरं बेरिंगचं लक्षण. गाडी पुढे नेऊ नका.

वॉटर पंपाकडे दुर्लक्ष केलं असतं तरी महागात पडलं असतं. तो जाम झाला की पाणी फिरत नाही, इंजिन तापतं आणि हेड वाकतं. म्हणून आवाज आला की घाबरूही नका आणि रेडिओ मोठा करून गाडी दामटूही नका. गाडी उभी करा, बॉनेट उघडा आणि दहा मिनिटं नुसतं ऐका.