बालाघाटाची भाकरी आणि जपानची वाटी

बीड जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात. उत्तरेला गोदावरीकाठची काळीभोर गंगथडी आणि दक्षिणेला बालाघाटाचा माळ. गेवराई-माजलगावच्या पट्ट्यात ऊस उभा राहतो. आष्टी, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूरच्या माळावरून तो तोडणारे हात निघतात. दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरमध्ये संसार भरून सांगली-कोल्हापूरपासून थेट कर्नाटकापर्यंत जातात. त्यांत आपले बौद्ध बांधवही आहेत.

काही टोळ्या जिल्ह्यातच राहतात. वडवणीहून तेलगावकडे जाताना आम्ही कार्यकर्ते अशाच एका टोळीच्या कोप्यांवर थांबलो. आधी चहा आला. दूध नव्हते, साखर मात्र भरपूर. चुलीवर बाजरीची भाकरी, सोबत ठेचा आणि वर मीठ. भाजीचे विचारले तेव्हा एक भगिनी म्हणाली, "बाजाराला जायला येळ कुठं हाय दादा? खाडा पडतो." एक जोडपे दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते. एका टनातून सुमारे १०० किलो साखर निघते. ज्यांच्या हातून रोज दीड-दोन क्विंटल साखर जगाला जाते, त्यांची भूक गोड चहावर मारली जाते.

भदन्त सुरेई ससाई यांच्यामुळे जपान आपल्याला परका नाही. तिथल्या जुन्या पद्धतीच्या जेवणात लहान लहान वाट्या असतात. एकीत भात, एकीत सार, थोडी मासळी, थोडी भाजी. पोटाचे दहापैकी आठ भाग भरले की थांबावे, अशी त्यांची म्हण आहे. पण तेही मिठात चुकत होते. सोयाबीनच्या खारट सारामुळे आणि लोणच्यांमुळे नागानो प्रांतात पक्षाघाताने फार माणसे दगावत. तिथे डॉ. तोशिकाझू वाकात्सुकी खेड्यापाड्यांत गेले, नाटके करून लोकांना आरोग्य शिकवले. १९७६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८० च्या दशकात गावोगावच्या स्वयंसेवक महिलांनी घरोघरी जाऊन सारातले मीठ मोजले, भाजी वाढवायला सांगितले. पुढे तोच प्रांत दीर्घायुषी म्हणून नावाजला.

हे आपल्याला नवे नाही. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर तांदळाचा भात खाऊन धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्याची गाथा सांगितली. राजाने ती सुदर्शन नावाच्या तरुणाकडून रोज जेवताना म्हणवून घेतली आणि त्याचा आहार हळूहळू नाळीभर भातावर आला.

मात्र हा उपदेश राजाला होता, उपाशी माणसाला नव्हता. कोपीतल्या माउलीला 'कमी खा' म्हणणे हा अधर्म होईल. तिच्या ताटात डाळ, भाजी, अंडे वाढले पाहिजे, बाजाराच्या दिवशी खाडा न लावता सुट्टी मिळाली पाहिजे. उन्हात घाम गाळणाऱ्याला पाण्याबरोबर थोडे मीठही लागते. मात्रेचा प्रश्न आहे तो खुर्चीवर बसून काम करणाऱ्या आम्हा नोकरदारांचा, आणि ज्यांच्या घरात पापड, लोणचे, फरसाण, बिस्किटे रोजची झाली त्यांचा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत. दोन चमचे साखरेचे तीन कप चहा झाले की ती मर्यादा ओलांडली. माताभगिनींनी एक हिशेब ठेवावा. चार माणसांच्या घरात मिठाचा एक किलोचा पुडा निदान ५० दिवस पुरला पाहिजे.

मधुमेहाने बाबासाहेबांना किती छळले, हे आपण जाणतो. बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर आशाताईंना बोलवा, चाळिशीपुढच्या सर्वांचा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. आणि हंगामात गावाजवळ टोळी उतरली असेल, तर जाताना पिशवीभर भाजी घेऊन जा.

जयभीम!