अकरा सेकंदांची हलगी

लग्नाकार्यात कुणी विचारलं, 'तुम्ही काय करता?' की मी 'म्युझिक प्रोड्यूसर' म्हणतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: 'म्हणजे पैसे तुम्ही लावता?' एका मामांनी तर जेवणाच्या पंगतीतच भाच्याच्या अल्बमचं बजेट माझ्यापुढे मांडलं होतं. पैसे मी लावत नाही. (उलट बहुतेक वेळा माझेच कुठेतरी अडकलेले असतात.) संगीतकार चाल देतो; ती कुठल्या वाद्यावर, कुठल्या पट्टीत, कुणाकडून वाजवून घ्यायची हे मी पाहतो. सिनेमाचं पार्श्वसंगीत असेल तर चालही माझीच.

पूर्वी या कामाला अरेंजर म्हणत आणि मुंबईच्या सिनेमात ही माणसं बरीचशी गोव्याची असत. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतले व्हायोलिनचे ताफे सेबॅस्टियन डिसूझा कागदावर उतरवत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात गुरूचं नाव आलं, ते असं. आज ते नाव घेतलं की लोकांना अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ आठवतो. व्हायोलिन कुणाला आठवत नाही.

माझी सुरुवात मालिकांपासून झाली. रोजचा एपिसोड, त्यामुळे प्रत्येक प्रसंगाला नवं संगीत करायला वेळच नसतो. चाळीसेक तुकडे आधीच करून द्यायचे, एडिटर हवा तो उचलतो. माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर अजून 'रडका १', 'रडका २', 'सासू संशय फास्ट' अशा नावांच्या फाइली आहेत. तिथेच एकदा शीर्षकगीत ४४.१ किलोहर्ट्झवर पाठवून बसलो. सीडीला ते चालतं, चित्राबरोबर ४८ लागतं. कुठेतरी कुणीतरी ती फाइल न बदलता ४८ वर चालवली आणि साठ सेकंदांचं गाणं पंचावन्नात संपलं. काळी एकमध्ये गायलेलं गाणं धड पांढरी दोन नाही, धड काळी दोन नाही, असं मधेच कुठेतरी लटकलं. गायकाचा फोन आला. ते शिव्या देत नव्हते, फक्त म्हणाले, 'अरे, हा मी आहे का?'

पण सांगायचं आहे ते हलगीचं. जुलै महिना, अंधेरीतला स्टुडिओ, एका सिनेमाचं पार्श्वसंगीत. प्रसंग असा: एक बाई जमिनीचा कागद करून घरी येते, शेजारीण काहीतरी विचारते, ही उत्तर न देता आत जाऊन कडी लावते. दिग्दर्शकाला व्हायोलिन नको होतं, लांबून कुठूनतरी येणारी हलगी हवी होती. सांगली भागातून एक हलगीवाले बोलावले. पहिला टेक सुरेख. दुसऱ्यात आवाज बसू लागला. 'सर, हलगी उतरली. शेकून आणतो,' म्हणाले. बाहेर पाऊस, आत मशिनांसाठी लावलेला एसी. कातडं ढिलं पडणारच. खाली पार्किंगमध्ये वॉचमनच्या डोळ्यांदेखत वर्तमानपत्रं पेटवली, हलगी त्यावर धरून फिरवली, बोटाने टिचकी मारून पाहिली, पुन्हा फिरवली. वर आलो की सहा-सात मिनिटं खणखणीत, मग परत खाली. दिवसभरात नऊ वेळा. तासाच्या भाड्याचा स्टुडिओ वर रिकामा आणि आम्ही खाली धुरात.

दुसरी अडचण क्लिकची. चित्राला जोडायचं म्हणून वादकाच्या कानात एकसारखी टकटक सोडतात. हेडफोन लावला की त्यांचा हात लाकडासारखा व्हायचा. शेवटी म्हटलं, काढा तो, तुमच्या मनाने वाजवा. मग त्यांच्या लयीवर मी क्लिक बसवला, उलट्या बाजूने. साधारण ९६ ची लय निघाली. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे एक मात्रा १५ फ्रेमची. कडी लागते ती मात्रेच्या सहा फ्रेम आधी. एडिटरला म्हटलं, शॉट सहा फ्रेम लांबव. तो म्हणाला, 'पिक्चर लॉक आहे.' (लॉक हा आमच्या धंद्यातला सर्वांत विनोदी शब्द, तो सिनेमा तोवर तीनदा लॉक होऊन उघडला होता.) घासाघीस होऊन चार फ्रेम मिळाल्या. उरलेल्या दोन मी हलगीवाल्यांच्या एका मोकळ्या जागेतून चोरल्या.

मग मिक्सिंग. हलगीचा कडकडाट नेमका तिथेच बसतो जिथे माणसाच्या बोलण्यातले क, त, स, ट ऐकू येतात. शेजारणीचा प्रश्न कळेना. हलगी खाली, आणखी खाली, मग शेजारीण बोलते तिथून पूर्ण बंद. दिग्दर्शकाचं बरोबर होतं, प्रश्न कळलाच पाहिजे. दोन दिवसांच्या कामातली अकरा सेकंदं थिएटरात पोचली. त्यातली शेवटची मात्रा कडीवर पडते, तेवढी मात्र बरोबर पडते.

श्रेयनामावली आली तेव्हा गायकांची नावं होती, माझं होतं, स्टुडिओचं होतं. हलगीवाले 'इतर वादक' मध्ये. मी यादी पाठवली होती, निर्मात्याच्या ऑफिसात ती कुणाच्या तरी मेलमध्ये राहिली. त्यांनी गावातल्या पोरांना घेऊन तालुक्याच्या थिएटरात सिनेमा पाहिला आणि मला फोन केला. 'सर, कडी लावते तिथलं ते आपलंच ना?' मी हो म्हटलं. नावाबद्दल त्यांनी विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही. ते मला अजून लागून आहे.

संगीतकारांचं त्या मानाने बरं चाललंय. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनंतर सिनेमातलं संगीत थिएटरबाहेर वाजलं तर रॉयल्टीवर आमचा हक्क राहतो, तो लिहून घेतला तरी जात नाही. पण त्यासाठी क्यू शीट लागते: कुठला तुकडा, कितव्या मिनिटाला, किती सेकंद, कुणाचा. ती भरायचा सगळ्यांना कंटाळा. मी आता तिला एक जादा रकाना जोडतो, वादकांचा. रॉयल्टीच्या हिशेबात त्याचा उपयोग नाही. श्रेयनामावली करणाऱ्याला निदान तयार यादी मिळते.

तेव्हा या कामात नवीन आला असाल तर एवढं करा. वादक वाद्य गवसणीत घालायच्या आत त्याच्या हातात पेन द्या आणि त्याचं नाव त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. गावात ज्या नावाने हाक मारतात ते.